रंगमंदिरे आहेत, नृत्यमंडळी कोठे आहेत?

कोपर, डोंबिवली, कल्याण आणि ठाणे या पट्ट्यात नृत्याचा वर्ग नाही अशी वस्ती आज शोधून काढावी लागेल. तिन्हीसांजेला घुंगरांची पिशवी खांद्याला लावून भरतनाट्यम् किंवा कथ्थकच्या वर्गाला निघालेल्या मुली येथील प्रत्येक रस्त्यावर दिसतात. आईबाप दहाबारा वर्षे नियमाने फी भरतात, आणि अखेर अरंगेत्रम् ठरले म्हणजे सभागृह, वादक, पोशाख व अलंकार यांसाठी मध्यमवर्गीय कुटुंब आपल्या ऐपतीच्या पलीकडे जाऊन खर्च करते. हे सारे कौतुकास्पदच आहे. परंतु त्या सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी काय करते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ती अभियंता होते, बँकेत जाते, फार तर स्वतःचा वर्ग काढून नव्या पन्नास मुलींना त्याच वाटेने नेते. नृत्य हाच व्यवसाय पत्करावा, एखाद्या मंडळीत महिन्याच्या महिन्याला वेतन घेऊन नाचावे, अशी जागा तिला या जिल्ह्यात कोठेही दिसत नाही. ज्या विद्येचे शिक्षण घरोघरी आहे पण जिची चाकरी कोठेच नाही, ती विद्या समाजाने मनापासून स्वीकारली आहे असे कसे म्हणावे?

याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहावयाची असेल, तर नारायणगावला जावे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा समित्या येतात, आणि कोणत्या गावच्या जत्रेला कोणता फड जाणार याच्या सुपाऱ्या ठरतात. महाराष्ट्रात ज्यांना खऱ्या अर्थाने व्यावसायिक म्हणता येईल, अशा नृत्यमंडळी मुख्यत्वे याच होत. मोठ्या फडाबरोबर शंभराहून अधिक माणसांचा संसार चालतो. नाचणाऱ्या स्त्रिया, ढोलकीवाले, सोंगाडे, तंबू ठोकणारे, गाड्या हाकणारे आणि सर्वांचा स्वयंपाक करणारे, असा तो सारा कबिला असतो. हंगाम दसऱ्याला सुरू होतो व बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. उरलेल्या महिन्यांत कोणी शेतमजुरीला जातो, कोणी उसनवारी करतो. आणि नवा हंगाम आला की कलावंतांना द्यावयाच्या उचलीसाठी फडमालक व्याजाने पैसा काढतो. या मंडळींकडे चाकरी आहे, पण तिला स्थैर्य नाही आणि प्रतिष्ठाही नाही.

शहरात शिक्षण आहे व व्यवसाय नाही. खेड्यात व्यवसाय आहे व त्याला आधार नाही. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा रिकामी आहे, ती सार्वजनिक पैशाने भरावयाची आहे आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत समतोलाने भरावयाची आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नृत्याला सरकारी पैसा ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही. तंजावरच्या भोसले घराण्याने जो राजाश्रय दिला, त्याचे ऋण आजचे भरतनाट्यम् अजून फेडीत आहे. नृत्याच्या कार्यक्रमाचा जो क्रम आज सर्वत्र रूढ आहे, तो बसविणारे चौघे बंधू, ज्यांना ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून ओळखतात, ते दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबारी वाढले. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या या राजाने नृत्यासाठी मराठीतून रचना केल्या. आणि मुंबईचे थोर नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमार यांनी त्या विसाव्या शतकात पुन्हा रंगमंचावर आणल्या. इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या काळी लावणीकार शाहिरांना पेशव्यांचा आश्रय होता. १८१८ साली तो आश्रय संपला आणि लावणी जत्रेच्या व तिकिटाच्या आधारावर जगू लागली. ती जगली, याचे श्रेय कोल्हाटी, महार, मांग या समाजांतील कलावंतांना आहे. ज्यांनी ती पाहिली, नावाजली, पण घरात घेतली नाही, त्या आम्हां सुशिक्षितांकडे ते श्रेय येत नाही.

स्वराज्य आल्यावर तरी स्थिती पालटावी, तर सुरुवातच उलटी झाली. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे सुधारणेसाठी समिती नेमली आणि अटी घालून बंदी उठविली. याच तमाशातील विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ साली व पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. तरीही उतारवयात त्यांच्या वाट्याला हलाखीच आली. २००२ साली त्या निवर्तल्या, आणि त्यानंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. नृत्यकलावंतासंबंधी आमच्या राज्याचे धोरण या एका आयुष्यात सामावले आहे: आरंभी बंदी, मध्ये टाळ्या, शेवटी पुरस्कार. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या भाकरीचा विचार या धोरणात कोठेच येत नाही.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सांस्कृतिक कार्य संचालनालय लावणी व तमाशा महोत्सव भरविते आणि प्रशिक्षण शिबिरे घेते. तमाशा, दशावतार, खडीगंमत यांसारख्या पथकांना भांडवली व प्रयोगासाठी अनुदान देण्याची योजनाही आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना पन्नाशीनंतर मिळणारे मानधन २०२४ साली सरसकट दरमहा पाच हजार रुपये करण्यात आले, हे स्वागतार्हच होते. केंद्र सरकारच्या गुरु-शिष्य परंपरा योजनेत गुरूला महिना पंधरा हजार आणि शिष्याला वयोमानानुसार दोन हजारांपासून दहा हजारांपर्यंत रक्कम ठरविलेली आहे. परंतु या सर्व योजना एकत्र मांडून पाहिल्या, तर त्यांतील उणीव ध्यानी येते. राज्याचे अनुदान तंबूला, सामानाला आणि प्रयोगाला मिळते. मानधन कलावंत थकल्यावर मिळते. पुरस्कार बहुधा केस पिकल्यावर मिळतो. भर उमेदीच्या वयात, रोज सकाळी तालीम करून रोज रात्री नाचणाऱ्या माणसाच्या बारमाही वेतनाची हमी घेतलेली, एका गावी स्थिर असलेली आणि ठरावीक प्रदेशाला बांधलेली नृत्यमंडळी ही गोष्ट राज्याच्या हिशेबात बसत नाही.

याचा परिणाम महामारीत उघडा पडला. गावोगावच्या यात्रा बंद झाल्या आणि फड जागच्या जागी थांबले. २०२१ साली मंत्रिमंडळाने छप्पन्न हजार कलावंतांना प्रत्येकी पाच हजार रुपये एकरकमी देण्याचे ठरविले. ती रक्कम अठ्ठावीस कोटी रुपये होत होती. संकटकाळी ही मदत आवश्यक होती आणि तिच्यावर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एवढी मोठी रक्कम एका कुटुंबाचा एक महिनाही पुरता भागवू शकत नव्हती, याचे कारण त्या कुटुंबाला त्यापूर्वीच्या कोणत्याही महिन्यात निश्चित वेतनाची सवय नव्हती. शिल्लक टाकण्याजोगे काही हातीच येत नसेल, तर आपत्तीत मदतीवाचून दुसरे काय उरते?

आता दुसरा मुद्दा, वाटणीचा. नृत्याच्या मोठ्या संस्था पाहिल्या, तर त्या मुंबई व पुणे येथे एकवटल्या आहेत. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती काढली ती पुण्यात; डॉ. कनक रेळे यांनी १९७३ साली नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभारले ते जुहूला. या संस्थांनी केलेले कार्य अमोल आहे आणि त्या जेथे आहेत तेथे असण्यात कोणाचा दोष नाही. खाजगी निष्ठेने उभे राहणारे काम, जेथे माणूस राहतो तेथेच उभे राहावयाचे. पण सार्वजनिक पैशाला मात्र हा न्याय लावता येत नाही. विदर्भात खडीगंमत व दंडार आहे, खानदेशाचा स्वतःचा तमाशा आहे, सिंधुदुर्गात दशावताराच्या मंडळी देवळांच्या जत्रांवर वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत, आणि २०१४ साली आमच्या ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघरमध्ये तारपा नाच आहे. एकाही प्रदेशाला नृत्याचे दारिद्र्य नाही. दारिद्र्य आहे ते त्या नृत्याला उभे राहण्यासाठी लागणाऱ्या व्यवस्थेचे.

आपल्याच पट्ट्याचे पाहा. कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात होती. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीस सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, ठाण्यात १९७८ पासून गडकरी रंगायतन आहे आणि पुढे काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाची भर पडली. नाटकांनी व वाद्यवृंदांनी ही नाट्यगृहे गजबजतात. नृत्याच्या वाट्याला मात्र वर्गांची वार्षिक संमेलने तेवढी येतात, म्हणजे पालकांनी भाडे भरावयाचे आणि पालकांनीच पाहावयाचे. उत्तम व्यावसायिक नृत्य पाहावयाचे तर कोपरच्या रहिवाशाने धीम्या लोकलने तास-सव्वा तास प्रवास करून नरिमन पॉइंट गाठावे, आणि कार्यक्रमाचा उत्तरार्ध चालू असताना परतीच्या गाडीसाठी घड्याळ पाहत बसावे. नगरपालिकांनी विटा-सिमेंटवर कोट्यवधी रुपये खर्च केले, पण त्या इमारतीत नाचणार कोण, याची तरतूद केली नाही. फळे-खडू आणि बाके घेतली पण मास्तर नेमला नाही, अशा शाळेसारखा हा प्रकार झाला.

आश्रय नसला तर कला मरतेच असे नाही. ती उठून दुसऱ्या गावी जाते. १९५२ साली शांती बर्धन यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप स्थापन केला. बाहुल्यांच्या चालीवर बसविलेले त्यांचे रामायण देशापरदेशांत गाजले. १९५४ साली ते अकाली निवर्तले, तरी गुल बर्धन आणि सहकाऱ्यांनी मंडळी मोडू दिली नाही. पण १९६४ साली ही मंडळी मुंबई सोडून ग्वाल्हेरला गेली आणि पुढे भोपाळला स्थायिक झाली. देशातील एक अग्रगण्य नृत्यमंडळी मुंबईत जन्मली आणि मध्य प्रदेशात नांदली. या घटनेवरून दोन धडे घ्यावेत. एक, मोठ्या शहरात असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. दुसरा, ग्वाल्हेर-भोपाळसारख्या ठिकाणीही उत्तम मंडळी रुजू शकते. त्यासाठी राजधानीचा समुद्रकिनारा लागत नाही.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. ब्रिटनमध्ये कला परिषदेला १९४६ साली राजसनद मिळाली, तरी पुष्कळ काळ नृत्याचा बहुतेक पैसा लंडनमध्येच मुरत असे. १९९० साली तेथील एक नामांकित बॅले मंडळी लंडन सोडून बर्मिंगहॅमला गेली आणि त्या औद्योगिक शहराच्या पाठबळावर त्याच शहराच्या नावाने ओळखली जाऊ लागली. फ्रान्सने १९८४ पासून राजधानीबाहेरच्या शहरांत राष्ट्रीय नृत्यकेंद्रे उभारली. ती आज एकोणीस आहेत, आणि त्यांचा खर्च केंद्र सरकार, प्रांत व नगरपालिका वाटून घेतात. ती राष्ट्रे श्रीमंत आहेत, हे खरे. परंतु त्यांच्यापासून घ्यावयाची गोष्ट पैशाची नसून पद्धतीची आहे: मंडळीला गाव द्यावयाचे आणि गावाला मंडळी द्यावयाची.

मग आपण काय करावे? आमची सूचना अशी. महाराष्ट्राचे सहा महसुली विभाग आहेत. प्रत्येक विभागात एक नृत्यमंडळी तीन वर्षांच्या कराराने राज्याने पोसावी. तीत त्या विभागातील फडाचे अनुभवी कलावंत असावेत आणि शहरी वर्गांतून तयार झालेले तरुण नर्तक-नर्तकीही असाव्यात. तीस माणसांची एक मंडळी धरली आणि प्रत्येकास सरासरी वीस हजार रुपये मासिक वेतन धरले, तर एका मंडळीचा वर्षाचा वेतनखर्च बहात्तर लाख होतो. सहा मंडळींचा मिळून चार कोटी बत्तीस लाख. प्रवास, पोशाख व तालमीची जागा यांसाठी तितकीच रक्कम आणखी धरली, तरी नऊ कोटींच्या आत हिशेब बसतो. राज्याच्या अर्थसंकल्पाकडे पाहता ही रक्कम नगण्य म्हणावी अशीच आहे. मोबदल्यात मंडळीने वर्षाला शंभर प्रयोग करावेत, त्यांतील पाव हिस्सा स्वतःच्या विभागाबाहेर करावा आणि काही प्रयोग शाळांतील मुलांसाठी राखावेत. नगरपालिकांनी आपल्या नाट्यगृहांतील ठरावीक तारखा सवलतीच्या भाड्याने द्याव्यात. यासाठी त्यांना नवी वीटही रचावी लागणार नाही.

कोकण विभागाची मंडळी मात्र मुंबईबाहेर असावी, ही अट आम्ही आग्रहाने घालू. मुंबई याच विभागात मोडत असल्याने कोकणच्या नावाने निघालेला पैसा मुंबईतच थांबण्याचे भय आहे. या मंडळीसाठी कल्याण-डोंबिवलीइतकी योग्य जागा दुसरी नाही. कल्याणला नाशिकची व पुण्याची वाट फुटते. कोपरला खालून मुंबईचा मार्ग जातो, आणि त्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या मार्गाने वसई व पनवेल गाठता येते. म्हणजे उत्तरेस पालघर आणि दक्षिणेस कोकण ही दोन्ही दारे येथून उघडतात. चहूदिशांना जाणाऱ्या मंडळीला आणखी कोणते बिऱ्हाड हवे?

यावर आक्षेप येतील, आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की शाळांना छप्पर नाही, दवाखान्यांत औषध नाही, तेथे नाचावर पैसा कशाला? वरच्या हिशेबाने उत्तर दिले आहे. नऊ कोटींनी राज्यातील शाळांची छपरे शाकारली जाणार नाहीत. पण शेकडो कलावंतांच्या मुलांच्या शाळा मात्र सुटणार नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारचा पैसा आला की सरकारची मर्जी येते; ज्या राज्याने एकदा तमाशावर बंदी घातली आणि २००५ साली नृत्यबारवरही घातली, जी पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, त्या राज्याच्या हाती नृत्याची दोरी द्यावी काय? हे भय आम्हांलाही आहे. म्हणून निवड मंत्र्याच्या टेबलावर होऊ नये. कलावंत, जाणकार व प्रेक्षक यांची मुदतबंद समिती असावी, तिचे निर्णय कारणांसह प्रसिद्ध व्हावेत, आणि करार मधेच मोडण्याचा अधिकार कोणाही पुढाऱ्यास नसावा. तीन वर्षांचा लेखी करार हेच कलावंताचे संरक्षण आहे. वर्षागणिक अर्ज घेऊन दारोदार फिरणारा माणूस स्वतंत्र राहू शकत नाही.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी बोलणार नाही, पण पुष्कळांच्या मनात असतो. आमच्या मुलीने लावणीच्या बाईबरोबर एका मंडळीत नाचावे काय? या प्रश्नाला इतिहासाने उत्तर दिले आहे. भरतनाट्यम् ज्या देवदासींनी शतकानुशतके सांभाळले, त्यांच्याविषयीही गेल्या शतकाच्या आरंभी सुशिक्षित समाज असेच बोलत होता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली कलाक्षेत्र काढले, उच्चवर्णीय घरांतील मुली नाचू लागल्या आणि पाहता पाहता ते नृत्य प्रतिष्ठेचे झाले. तथापि नृत्याला घरात घेतले गेले आणि ज्यांनी ते जपले त्यांना मात्र दाराबाहेरच ठेवले गेले. महाराष्ट्रात ही चूक टाळण्याची संधी अद्याप आहे. लावणीचे अभिजातपण मान्य करावयाचे, दूरचित्रवाणीवर तिला टाळ्या वाजवावयाच्या, आणि जिच्या घराण्यात ती आली तिच्याशी एका पंक्तीस बसावयाचे नाही, हे फार दिवस चालणार नाही. समान वेतनपत्रकावर दोघींची नावे एकाखाली एक लिहिली गेली, म्हणजे जे काम शंभर व्याख्यानांनी होत नाही ते होईल.

डोंबिवलीने २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले, ठाण्याने त्याच्या आदल्या वर्षी नाट्यसंमेलन भरविले. उत्सवाला हा पट्टा कधी कमी पडला नाही. आता उत्सवाच्या पलीकडे जाण्याची वेळ आहे. ज्या पालकांनी आपल्या मुलींच्या पायांत घुंगरू बांधले, त्यांनीच आपल्या नगरसेवकाला व आमदाराला एक साधा प्रश्न विचारावा: येत्या अर्थसंकल्पात नृत्यमंडळीसाठी किती रक्कम ठेवली आहे, आणि आमच्या नाट्यगृहात तिच्या प्रयोगांना वर्षाच्या किती तारखा आहेत? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मागावे, आणि ते मिळेपर्यंत दर वर्षी मागत राहावे.